कुहीला दुभाष्या हवा आहे

कर्णबधिर साक्षीदाराची साक्ष कशी घ्यावी, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली एक दंडक घालून दिला. खटला राजस्थानातला, राजस्थान राज्य विरुद्ध दर्शनसिंग. खुनाच्या त्या प्रकरणातली महत्त्वाची साक्षीदार ऐकू-बोलू न शकणारी बाई होती. तिच्या खुणांचा अर्थ न्यायालयाला सांगायला तिचे वडीलच उभे राहिले होते आणि त्यांना शपथही दिलेली नव्हती. आरोपीला सोडून देणारा उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला आणि त्याच ओघात सांगितलं, की दुभाष्या साक्षीदाराच्या परिसरातला असावा, पण खटल्यात त्याचा हितसंबंध नसावा, आणि त्याला शपथ दिली जावी.

वाचायला सरळ वाटतं. ही अट कुही तालुक्याला लावून पाहिली की त्यातला पेच कळतो. नागपूरच्या आग्नेयेला, चाळीसेक किलोमीटरवर हा तालुका. तहसील, पंचायत समिती, पोलीस ठाणं, मांढळचा बाजार, हंगामात मिरचीच्या सातऱ्यांवर देठ खुडत बसलेल्या बाया, आंभोऱ्याला वैनगंगेचा संगम आणि गोसीखुर्द धरणाच्या पाण्यापायी उठून नव्या जागी बसलेली गावं. समजा, यातल्या एखाद्या गावात जन्मापासून ऐकू न येणारी एक बाई आहे. तिच्या खुणा कोणाला कळतात? आईला, भावाला, जावेला, फार तर शेजारणीला. म्हणजे परिसरातले सगळे दुभाषे नात्यागोत्यातले. आणि वाद जमिनीचा असो की मारहाणीचा, नात्यागोत्यातल्या माणसाचा त्यात हितसंबंध असतोच. ज्याचं या वादाशी काही घेणंदेणं नाही, असा शिकलेला दुभाष्या नागपुरातून नाहीतर मुंबईहून येणार, आणि तो परिसरातला नसणार. न्यायालयाने वर्णन केलेला माणूस आयता कुठेच मिळत नाही. तो घडवावा लागतो, आणि पुष्कळदा तर तो एक माणूस नसतोच. हे कसं, ते पाहू.

आधी भाषेबद्दल. खुणांची भाषा म्हणजे हातवारे, ते कोणालाही थोडेफार जमतात, ही समजूत अजून शिकल्या-सवरल्या लोकांतही आहे. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात मदन वशिष्ठ यांनी जेम्स वुडवर्ड आणि इतर सहकाऱ्यांबरोबर दिल्ली, कोलकाता, बंगळूर आणि मुंबई इथल्या कर्णबधिरांच्या खुणा गोळा करून ताडून पाहिल्या. वशिष्ठ स्वतः कर्णबधिर. लहानपणी हिमाचलातल्या खेड्यात त्यांची श्रवणशक्ती गेली आणि पुढे ते अमेरिकेत प्राध्यापक झाले. या चार शहरांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश खुणा एकमेकींच्या नात्यातल्या निघाल्या. पुढे उलरिके झेशान या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी भारत-पाकिस्तानातली शहरं पालथी घातली. खुणा गावोगावी थोड्याफार बदलतात, व्याकरण मात्र जवळपास एकच आहे, असं त्यांनी दाखवून दिलं. आज आपण जिला भारतीय सांकेतिक भाषा म्हणतो ती ही.

या भाषेत ‘बाई’ म्हणायला तर्जनी नाकपुडीच्या कडेला, चमकी घालतात तिथे टेकवतात. ‘पुरुष’ म्हणायला मिशीची खूण. नात्यांच्या पुष्कळ शब्दांना आधी यातली एक खूण लागते आणि मग नातं कळतं. ‘कोण’, ‘कुठे’, ‘काय’ हे प्रश्न वाक्याच्या शेवटी येतात. होय-नाहीचा प्रश्न असेल तर वेगळी खूण लागत नाही. भुवया वर जातात, मान किंचित पुढे येते, की विधानाचा प्रश्न होतो. म्हणजे चेहरा हा भावना दाखवायला नसतो, ते व्याकरण असतं. भुवई हलली नाही तर ‘तू गेलास’ आणि ‘तू गेलास का’ यांत फरकच उरत नाही.

यापेक्षाही अवघड गोष्ट म्हणजे जागा. सातऱ्यावरच्या मजुरीचा वाद घ्या. सांगणारी बाई आपल्या उजवीकडे हवेत एक जागा नेमते, हा मुकादम. आणखी थोडं अलीकडे दुसरी जागा, ही तिची सोबतीण. मग ‘दिले’ ही खूण मुकादमाच्या जागेवरून सोबतिणीच्या जागेकडे जाते. कोणी कोणाला दिले ते हाताच्या दिशेतच आलं, वेगळे शब्द नाहीत, विभक्तिप्रत्यय नाहीत. पाच मिनिटांनी ती त्याच जागेकडे नुसती नजर टाकते आणि तेवढ्याने मुकादम पुन्हा गोष्टीत येतो. दुभाष्याने सुरुवातीची नेमणूक चुकवली, तर पैसे देणारा घेणारा होतो आणि पुढचा सगळा जबाब उलटा उतरतो. हे दोन-चार महिन्यांच्या शिकवणीत अंगी येत नाही. पाचशे खुणा पाठ असलेला माणूस हमखास इथेच पडतो.

ही झाली शहरातल्या, शाळेत गेलेल्या कर्णबधिरांची भाषा. कुहीतल्या त्या बाईला ती येत असेलच असं नाही. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात, त्यामुळे ही भाषा आईकडून मुलाकडे जात नाही. ती शाळेत, वसतिगृहात, एका मुलाकडून दुसऱ्या मुलाकडे जाते. शाळा नाही तर भाषा नाही. मग घरात आई आणि मूल मिळून काही खुणा तयार करतात. भाकर, झोप, बैल, बाबा, पाऊस. त्या घरापुरत्या पुरतात. भाषाशास्त्रज्ञ त्यांना घरगुती खुणा म्हणतात. त्यांच्यावर घर चालतं, पण ‘गेल्या मंगळवारी तुम्ही घरात शिरण्याआधी दार उघडं होतं का’ हा प्रश्न त्यांत बसवणं फार कठीण.

कर्णबधिर माणसं पुरेशा संख्येने एकत्र आली की भाषा आपोआप उगवते, याचे दाखले आहेत. निकाराग्वात १९७०च्या दशकाच्या अखेरीस मानाग्वा शहरात कर्णबधिर मुलांची मोठी शाळा निघाली. शिक्षक बोलणं शिकवत राहिले आणि मैदानात मुलांनी एक नवी भाषा उभी केली. आपल्याकडे कर्नाटकातल्या अलीपूर गावात पिढ्यान्‌पिढ्या बरेच कर्णबधिर आहेत, म्हणून त्या गावाची स्वतःची सांकेतिक भाषा आहे आणि ती ऐकणाऱ्यांनाही येते. कुही म्हणजे अलीपूर नव्हे. इथे कर्णबधिर माणूस विखुरलेला आहे, या गावात एक, पुढल्या गावात एक. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ऐकण्याचं अपंगत्व असलेले ४ लाख ७३ हजार लोक नोंदले गेले. त्यातले किती शाळेच्या वाटेने गेले, यावर त्यांचा दुभाष्या कोण हे ठरतं.

शाळांचाही इतिहास सरळ नाही. मुंबईत १८८५च्या सुमारास बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने मूकबधिरांसाठी शाळा निघाली. ती देशातली अशी पहिली शाळा मानली जाते. पण तिच्या पाचच वर्षं आधी, १८८० साली, इटलीत मिलान शहरी भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने ठराव केला होता, की कर्णबधिर मुलांना बोलायला आणि ओठ वाचायलाच शिकवावं, खुणा नकोत. त्या ठरावाची छाया जगभर शंभर वर्षं राहिली. आपल्या बहुतेक शाळाही तोंडी पद्धतीच्याच झाल्या. वर्गात हात बांधून बसायचं, ‘प’ म्हणताना शिक्षकाच्या ओठांपुढे धरलेला कागद कसा हलतो ते पाहायचं, आणि मधल्या सुट्टीत, वसतिगृहाच्या खोलीत रात्री, हात मोकळे. नागपुरात शंकरनगरला मूकबधिर विद्यालय आहे. अशा शाळांत जाऊन आलेल्या माणसाचे हात आणि कधीच गाव न सोडलेल्याचे हात यांत जो फरक असतो, तो जाणकाराच्या दोन मिनिटांत लक्षात येतो. महाराष्ट्रातल्या सांकेतिक भाषेला शिक्षकांनी जगवलं नाही. वसतिगृहांतल्या मोठ्या मुलांनी लहान मुलांच्या हातात ती दिली.

म्हणूनच दुभाष्यांचं रीतसर शिक्षण आपल्याकडे इतक्या उशिरा आलं. त्याआधी दुभाषे नव्हते असं नाही. कर्णबधिर आईबापांची ऐकणारी मुलं सात-आठ वर्षांची असल्यापासून हे काम करतच होती. बँकेत, दवाखान्यात, घरमालकासमोर. ‘खामोशी’ (१९९६) या गोव्यात घडणाऱ्या चित्रपटातली ॲनी आठवत असेल. इंग्रजी आद्याक्षरांवरून जगभर अशा मुलांना ‘कोडा’ म्हणतात. भाषा त्यांच्या हाडीमाशी असते, आणि तरीही फक्त तेवढ्यावर ती चांगली दुभाषी होतात असं नाही. आईला डॉक्टरांनी सांगितलेली वाईट बातमी मुलगी थोडी मऊ करून सांगते. बापाची शिवी मुलगा गिळतो. हे प्रेम आहे, दुभाषेपण नाही. ही सवय मोडायला नव्याने शिकणाऱ्यापेक्षा ‘कोडा’लाच जास्त कष्ट पडतात, असं म्हटलं तरी चालेल.

अमेरिकेत दुभाष्यांची नोंदणी संस्था १९६४ साली उभी राहिली. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत २००१ साली सांकेतिक भाषेचा स्वतंत्र कक्ष निघाला आणि अ, ब, क अशा पायऱ्यांनी शिक्षण सुरू झालं. त्या कक्षाच्या उभारणीत झेशान आणि वशिष्ठ यांच्याबरोबर संस्थेच्या मेहेर सेठना यांचं नाव येतं. शिकवायला कर्णबधिर शिक्षक होते, आणि त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. जी माणसं आयुष्यभर बाकाच्या या बाजूला बसून ‘नीट बोल’ ऐकत आली, ती आता फळ्यापुढे उभी होती आणि ऐकणारे पदवीधर बाकांवर. पुढे २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आलं. आता भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेने दोन वर्षांची पदविका आहे आणि बारावी झालेल्याला तिला प्रवेश मिळतो. तिच्या जोडीला दुसरी पदविका आहे, सांकेतिक भाषा शिकवणारे शिक्षक घडवण्याची, आणि ती कर्णबधिरांसाठीच आहे. या दुसऱ्या पदविकेबद्दल फारसं बोललं जात नाही, पण माझ्या मते मूळ ती आहे. चांगले कर्णबधिर शिक्षक नसतील तर दुभाष्यांच्या पदविकेतून फक्त खुणा पाठ केलेली माणसं बाहेर पडतील.

वर्गात काय चालतं? पहिला नियम म्हणजे आवाज बंद. कर्णबधिर शिक्षक आत आला की कोणी तोंडाने बोलायचं नाही, आपसांतसुद्धा. मराठी शब्द फळ्यावर लिहून त्याची खूण दाखवायची पद्धत चांगले शिक्षक टाळतात, कारण मग विद्यार्थी आयुष्यभर आधी मराठी वाक्य जुळवतो आणि मागाहून त्यावर खुणा चिकटवतो. त्याऐवजी चित्र, वस्तू, नक्कल. विद्यार्थ्यांची सगळ्यात जास्त फजिती चेहऱ्यावर होते. चारचौघांत चेहरा आवरून वागावं हे आपल्यावर लहानपणापासून बिंबवलेलं असतं, विशेषतः मुलींवर. भुवया उचल, गाल फुगव, ओठ मुडप, असं शिक्षक दहादा करून दाखवतो आणि विद्यार्थिनी पदराआड हसते. आठवडे जातात. मग एक दिवस चेहरा सुटतो आणि खुणांना अर्थ येऊ लागतो.

त्यानंतर दुभाष्याचं काम. इथे ऐकता ऐकता सांगायचं असतं, थांबून नव्हे. नवशिक्याला वाटतं, बोलणाऱ्याच्या शक्य तितकं लगत राहावं, म्हणजे काही सुटणार नाही. डेनिस कोकली या अमेरिकी अभ्यासकाने १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत नेमकं उलट दिसलं. बोलणाऱ्याच्या दोन सेकंद मागे असणाऱ्या दुभाष्यांच्या चुका चार सेकंद मागे असणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त होत्या. चार सेकंद थांबणाऱ्याला वाक्याचा अर्थ हाती आलेला असतो, दोन सेकंदवाल्याच्या हाती फक्त शब्द असतात. मराठीत तर क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागून. ‘मी त्याला मारायला गेलो’ इथपर्यंत ऐकून हात हलवणाऱ्याच्या पुढ्यात ‘नव्हतो’ येऊन पडतं तेव्हा काय होत असेल, याची कल्पना करावी. म्हणून मागे राहायला शिकवावं लागतं. थकव्याचंही तसंच. वीस-तीस मिनिटांनंतर चुका वाढू लागतात आणि दुभाष्याला स्वतःला ते कळत नाही. त्यामुळे लांब कामाला दोघं जण पाळीपाळीने बसतात.

खुणांकडून बोलीकडे येणं आणखी कठीण, आणि अभ्यासक्रमात त्याला वेळ कमी मिळतो. बाई हातांनी सांगते आहे, दुभाष्या तिचा आवाज झाला आहे. तो आवाज कोणत्या मराठीत बोलेल? ‘मला याबाबत माहिती नाही’ की ‘मले नाई माहीत’? पहिलं वाक्य ठाण्यातल्या टंकलेखकाला सोयीचं, पण ते ऐकल्यावर बाई शिकलेली आणि सावध वाटते. दुसरं तिच्या गावचं, पण ती तसं बोलली असती हे आपण कशावरून ठरवलं? ती तर कधी बोललीच नाही. यावर नियम नाही. जाणता दुभाष्या तिच्या खुणांचा पोत पाहतो. त्या तुटक आहेत की सफाईदार, घरगुती की शाळेतल्या, हे पाहून तो साध्या, कुठेच न टोचणाऱ्या मराठीत बोलतो. पुण्या-मुंबईत शिकून आलेल्याला हे कुहीत येऊन पुन्हा शिकावं लागेल, कारण ठाण्यातला हवालदार काय म्हणतो आहे हे आधी त्याला स्वतःला कळायला हवं.

आता ठाण्यात जाऊ. पुढचा प्रसंग कल्पनेतला आहे, पण त्यातली चूक जगातल्या कोणत्याही ठाण्यात होते तशी आहे. हवालदार विचारतो, “बाई, त्या दिवशी तुम्ही घरीच होत्या ना?” भाऊ तिला काही खुणा करतो. ती त्याच्याकडे पाहत मान हलवते. भाऊ सांगतो, “हव म्हणते जी.” कागदावर उतरतं, ‘सदर दिवशी मी घरीच होते.’

तिने होकार दिला का? बहुधा नाही. समोरचा खुणा करत असताना पाहणाऱ्याने मान हलवत राहणं म्हणजे फक्त ‘पाहते आहे, पुढे सांग’. आपण फोनवर ‘हं, हं’ म्हणतो, तेच. शिवाय आयुष्यभर न कळलेल्या बोलण्याला मान डोलावून सुटका करून घ्यायची सवय कित्येक कर्णबधिरांना लागलेली असते. समोरचे साहेब, अंगावर गणवेश, घरातले सगळे पाहत असलेले, अशा वेळी ‘कळलं नाही’ म्हणायला फार धीर लागतो. शिकलेला दुभाष्या इथे हात थांबवतो आणि हवालदाराला सांगतो, “साहेब, हे उत्तर नाही. तिला प्रश्न पोचला का, ते मला पाहू द्या.” तो प्रश्न स्वतःच्या मनाने बदलत नाही, कारण प्रश्न साहेबांचा आहे. पण तो पोचला नसताना पोचल्याचं दाखवतही नाही. दोन वर्षांच्या शिक्षणातून एवढी एक गोष्ट जरी तालुक्यात आली, तरी खूप झालं असं मला वाटतं.

दुभाष्याची आचारसंहिताही अशा जागीच कसाला लागते. जे बोललं जाईल ते सगळं पोचवायचं. हवालदार शेजारच्याला हळूच म्हणाला, “हिला काय समजते,” तर तेही. आपली भर घालायची नाही, सल्ला द्यायचा नाही, ‘सोडून दे, मिटवून घे’ म्हणायचं नाही. आणि ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. हे शेवटचं शहरात सोपं असतं. तालुक्यात बाईचं नाव न घेता नुसतं ‘परवा मांढळकडच्या एका बाईचं काम होतं’ असं चहाच्या टपरीवर म्हटलं, तरी कोण ते चौघांना कळतं.

या साऱ्यावर ऐकणाऱ्यांना लक्ष ठेवता येत नाही, ही या धंद्याची विचित्र अडचण. १० डिसेंबर २०१३ रोजी जोहान्सबर्गला नेल्सन मंडेलांच्या शोकसभेत ओबामांसारख्यांच्या शेजारी उभा राहून एक माणूस तासन्‌तास हात हलवत होता. साऱ्या जगाने त्याला दुभाष्या मानलं. त्या खुणांना काहीच अर्थ नाही हे कर्णबधिर प्रेक्षकांनी पहिल्या काही मिनिटांतच ओळखलं, पण त्यांचं म्हणणं सभा संपल्यावर ऐकलं गेलं. म्हणून दुभाष्याची परीक्षा घेणाऱ्यांत कर्णबधिर परीक्षक असणं ही औपचारिकता नव्हे. समोरच्याला कळलं की नाही, हे तोच सांगू शकतो.

कायदा आता बऱ्यापैकी स्पष्ट आहे. २०१३च्या दुरुस्तीने पुराव्याच्या कायद्यात तरतूद आली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ती कलम १२५ म्हणून कायम राहिली. बोलू न शकणारा साक्षीदार खुणांनी साक्ष देऊ शकतो आणि ती तोंडी साक्षच मानली जाते. न्यायालयाने दुभाष्या किंवा विशेष शिक्षक यांची मदत घ्यायचीच आणि चित्रीकरण करायचं. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात अपंग महिलेची फिर्याद तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, दुभाष्याच्या उपस्थितीत घ्यायची आहे. मुलांच्या बाबतीत पोक्सो कायद्याच्या २०२०च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाने दुभाष्यांची नोंदवही ठेवायची असते, आणि दुभाष्याने आपला हितसंबंध असेल तर तो आधी सांगायचा असतो.

यातला ‘किंवा विशेष शिक्षक’ हा पर्याय मला खटकतो. आपले कित्येक विशेष शिक्षक तोंडी पद्धतीत तयार झालेले. मुलांवर त्यांचा जीव असतो, पण सांकेतिक भाषा त्यांना मोडकीतोडकीच येते, आणि विद्यार्थ्यासाठी ते ‘सर’ असतात. सरांसमोर मान हलवायची सवय तर सगळ्यात जुनी.

उलट बाजूचं एक चांगलं चित्र सर्वोच्च न्यायालयातच दिसलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील दूरदृश्य पद्धतीने सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या न्यायासनासमोर हजर झाल्या, सौरव रॉयचौधरी हे दुभाषे त्यांच्या सोबतीला होते. काही दिवसांतच न्यायालयाने स्वतः त्यांच्यासाठी दुभाष्या नेमला. तिथे वकील आणि दुभाष्या दोघांनाही एकच भाषा पक्की येत होती. कुहीत ते गृहीत धरता येत नाही.

मग घरगुती खुणांच्या माणसाचं काय करायचं? अनेक देशांत यावर मिळालेलं उत्तर म्हणजे कर्णबधिर दुभाष्या. ऐकणारा दुभाष्या मराठीतला प्रश्न सांकेतिक भाषेत सांगतो. शेजारी बसलेला कर्णबधिर सहकारी तो प्रश्न त्या बाईला कळेल अशा रीतीने मांडतो. नक्कल करून, वस्तू हाती घेऊन, जमिनीवर घराचा आराखडा काढून, दाराच्या जागी चप्पल ठेवून. स्वतः लहानपणी भाषेविना राहून पाहिलेल्या माणसाला समोरचीला काय कळलं नाही हे ज्या वेगाने कळतं, त्या वेगाने ते ऐकणाऱ्याला कधीच कळत नाही. उत्तर त्याच वाटेने उलट येतं. वेळ तिप्पट लागतो. पण दर्शनसिंग खटल्यातल्या त्या अटीला हीच जोडी सगळ्यात जवळ जाते. एकाचा हितसंबंध नाही, दुसऱ्याला तिचं जग माहीत आहे, आणि दोघांनाही शपथ देता येते. भाऊ आणि जाऊ यांनाही यात जागा आहे, पण ती दुभाष्याची नव्हे. बाईची ‘बाजार’ ही खूण कोणती, सासऱ्याला ती काय करून ओळखते, हे जबाबाच्या आधी त्यांच्याकडून विचारून घ्यायचं आणि मग त्यांना बाहेर बसवायचं.

असे कर्णबधिर दुभाषे विदर्भात तयार करायचे तर मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या करायला लावून चालणार नाही. सांकेतिक भाषेच्या शब्दकोशात २०२१च्या आवृत्तीत दहा हजार खुणा आल्या, त्यांत कायद्याच्या आणि शेतीच्याही आहेत, सगळ्या चित्रफितींसह. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत ही भाषा २०२१पासून माध्यमिक स्तरावर विषय म्हणून घेता येते. डिसेंबर २०२४ मध्ये तिच्यासाठी पीएम ई-विद्याची ३१ क्रमांकाची वाहिनीही सुरू झाली. साधनं घरात पोचली आहेत. पोचली नाही ती सरावाची जागा. पदविकेच्या विद्यार्थ्यांची उमेदवारी शहरातल्या शाळांत, कार्यशाळांत आणि मंचांवर होते. तिथले कर्णबधिर भाषा जाणणारे असतात, उजेड चांगला असतो, भाषण आधी हाती आलेलं असतं. त्यातला महिना-दीड महिना तालुक्याच्या ठिकाणी, तहसीलच्या दाखल्यांच्या खिडकीशी, दवाखान्याच्या रांगेत, बाजाराच्या दिवशी जावा, आणि कर्णबधिर शिक्षक सोबत असावा. अभ्यासक्रमात बदल करायचा तर मी पहिला हा करीन.

फोनवरून चित्रसंवादाने दुभाष्या जोडण्याचा मार्ग पुष्कळजण सुचवतात. तहसीलमधल्या दाखल्याच्या कामाला तो चालेल. जबाबाला, आणि त्यातही घरगुती खुणांच्या माणसाला, तो अपुरा आहे. पडदा सपाट असतो आणि ‘मुकादम उजवीकडे, सोबतीण अलीकडे’ ही जागांची मांडणी त्यात चेपून जाते. वरून नेटवर्क अडकलं की हात मधेच गोठतात. ‘दिले’ची खूण कुठून निघाली हे दिसलं आणि कुठे पोचली ते दिसलं नाही, असं होतं.

चित्रीकरणाबद्दल कायदा ‘करा’ एवढंच म्हणतो, कसं ते सांगत नाही. ठाण्यातला फोन बहुधा चेहऱ्यावर रोखलेला असतो आणि हात चौकटीबाहेर जातात. असं चित्रण म्हणजे आवाज बंद करून ठेवलेली ध्वनिफीत. चौकट कंबरेपासून डोक्याच्या वीतभर वरपर्यंत हवी, दोन्ही कोपर आत यायला हवेत, खिडकी बाईच्या पाठीमागे नको, नाहीतर ती नुसती काळी आकृती दिसते. दुभाषे दोघे असतील तर दुसरा फोन त्यांच्याकडे तोंड करून लावावा, कारण पुढे वाद उठतो तो बाई काय म्हणाली यावर जितका, तितकाच तिला विचारलं काय यावर. ठाण्यात दुसरा फोन कोणाच्याही खिशात असतो. तिपाई नसली तर टेबलावर फायलींचा गठ्ठा रचून त्याला टेकवून ठेवला तरी काम भागतं.